धागा: २६५/७० आर१७ टायर घातल्यावर पिकअपचं पुढचं चाक घासतंय, हवेचे सेन्सरही वाजतायत (सोलापूर)

ज्वारी_मंगळवेढा
नमस्कार मंडळी. गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, फोर बाय फोर. कंपनीचे टायर २५५/६० आर१८ होते, रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठाचं अंतर, मिमीत) +३३. आता एलटी (लाइट ट्रक, जास्त वजनाचा टायर) २६५/७० आर१७, लोड इंडेक्स १२१/११८, रिम ८ जे (८ इंच रुंद), ऑफसेट +१०. पुढे स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकच्या जोडीवर) उंची वाढवायला २५ मिमीचा स्पेसर, मागे लांब शॅकल (पाटा चेसीला जोडणारी कडी). चारही रिमच्या आतून बाजारातले सेन्सर बसवलेत, डॅशवर वेगळा डिस्प्ले आहे.

तक्रारी अशा:
१. उजवीकडे पूर्ण वळवून रिव्हर्स घेतलं की पुढचं उजवं चाक घासतं. डावीकडे वळवल्यावर डावं चाक अगदी थोडं.
२. वळणावरच्या गतिरोधकावर पुढून ‘खर्र’ आवाज.
३. ८० च्या पुढे स्टेअरिंग सैल वाटतं, वळण संपलं तरी आपणहून परत येत नाही.
४. मोहोळ ओलांडून टेंभुर्णीकडे निघालं की दुपारी हवा जास्त असल्याचा बझर. चारही चाकं ४१-४२ पीएसआय दाखवतात. सकाळी ३५ भरलेली असते.
५. मागच्या डाव्या चाकाचं रीडिंग मधूनच गायब.
६. पुढचं उजवं आठवड्याला २ पीएसआय कमी होतं.

गॅरेजमध्ये सांगतात, ‘अजून दोन इंच उचला, घासायचं थांबेल.’ उचलू का?

टायरपट्टी
उचलू नका. आधी हिशेब बघा, मग हात लावा.

२५५/६० आर१८ चा व्यास: २५५ चे ६० टक्के म्हणजे १५३, दोन्ही बाजूंचे ३०६, त्यात १८ इंचाचे ४५७. एकूण ७६३ मिमी. २६५/७० आर१७ चा: १८५.५ दुणे ३७१, अधिक ४३२, एकूण ८०३ मिमी. टायर ४० मिमीने मोठा, म्हणजे अक्षापासून चारही दिशांना २० मिमी जास्त. तुमच्या मीटरला याचा पत्ता नाही. मीटरवर ८० दिसेल तेव्हा चाकं आधीपेक्षा सव्वापाच टक्के जास्त पळतायत, ८४ च्या आसपास. ओडोमीटर तेवढ्याच प्रमाणात कमी मोजणार, त्यामुळे अॅव्हरेज कागदावर पडलेलं दिसेल, प्रत्यक्षात तेवढं पडलेलं नसेल.

पण घासण्याचं मुख्य कारण व्यास नाही, ऑफसेट आहे. टायरच्या रुंदीचा अर्धा भाग घ्या आणि ऑफसेट वजा करा, हब-पृष्ठापासून बाहेरची भिंत किती दूर ते कळतं. आधी १२७.५ वजा ३३ = ९४.५. आता १३२.५ वजा १० = १२२.५. बाहेरची कड २८ मिमी बाहेर आली. स्टेअरिंग फिरतं ते बॉल जॉइंटच्या रेषेभोवती, म्हणून कड जितकी बाहेर तितका तिचा फेरा मोठा. उजवीकडे वळवलं की उजव्या चाकाची मागची बाहेरची कड मागे आणि आत येते, आणि तिथे लायनर (कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर) आणि त्यामागे बॉडी माउंट (केबिन चेसीवर टेकते ती जागा) आहे.

ऑफसेट +२५ असता तर तीच कड १०७.५ वर, म्हणजे फक्त १३ मिमी बाहेर. आतली बाजू मोजली (अर्धी रुंदी अधिक ऑफसेट) तर आधी १६०.५ आणि +२५ ला १५७.५, म्हणजे आतही चिकटत नाही. या टायरला या गाडीवर +२० ते +३० हाच माप आहे असं माझं ठाम मत. +१० आणि शून्य ऑफसेटचे रिम दिसायला रुंद आणि दणकट दिसतात, म्हणून खपतात. बेअरिंगवरचा भारही त्यांनी वाढतो.

पाटा_शॅकल
टायरपट्टी अण्णांशी सहमत. ‘उचलल्याने जागा होते’ हे अर्धवट खरं आहे, आणि अर्धवट खरं असल्यामुळेच ते जात नाही.

स्ट्रटच्या डोक्यावर स्पेसर टाकला की गाडी उभी असताना उंच दिसते. पण चाक वर किती जाईल हे बंप स्टॉप (चाकाला वर अडवणारं रबर) ठरवतो, आणि तो होता तिथेच आहे. खड्ड्यात चाक पूर्ण वर गेलं की टायर आणि लायनर यांच्यातलं अंतर लिफ्टच्या आधी होतं तेवढंच राहतं. वर टायर २० मिमीने मोठा. म्हणून गतिरोधकावर आवाज. उभ्या गाडीत बोटं घालून ‘बसतोय की’ म्हणणं ही फसवणूक आहे.

मोजायची पद्धत: सपाट सिमेंटवर गाडी उभी करा. चाक सरळ ठेवून बंप स्टॉपचं टोक आणि आर्म यांतलं अंतर मिमीत घ्या. मग स्टेअरिंग अर्धं फिरवून टायरची कड आणि लायनर यांतलं सगळ्यात कमी अंतर घ्या. बंप स्टॉपचं रबर स्वतः आणखी १०-१५ मिमी दबतं, तेही धरा. टायरचं अंतर त्या बेरजेपेक्षा कमी भरलं तर घासणारच, आज नाही तर गाडी भरल्यावर.

आणि अजून दोन इंच उचललं तर ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो, बूट फाटतात, ग्रीस बाहेर. चाक खाली लटकल्यावर वरचा आर्म स्प्रिंगला टेकतो. २५ मिमीच्या स्पेसरनेच चाकापाशी साधारण दुप्पट, ५० मिमीच्या आसपास उंची वाढते. तेवढं बास झालं.

काळीमाती
कुठे घासतंय ते नक्की करायला खडू. टायरच्या खांद्यावर, म्हणजे ट्रेडची कड आणि भिंत यांच्या वळणावर, चारही बाजूंनी जाड खडू घासा. पुढे आणि रिव्हर्स, दोन्हीकडे लॉकपर्यंत (स्टेअरिंग वळेल तेवढं) हळू फिरवा. पांढरा ठसा जिथे उमटेल तीच जागा. अंदाजाने लायनर कापणाऱ्यांनी नको तिथे भोकं पाडून ठेवलेली असतात, आणि मग पावसात इंजिन बेमध्ये चिखल जातो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. काळ्या रानातून गाडी काढली की चिखल लायनरला थापला जातो आणि वाळून वीटच होतो. २०-२५ मिमी जागा तोच खातो. खडू लावायच्या आधी चाकाची कमान प्रेशरने धुऊन घ्या, नाहीतर ठसा मातीवर उमटेल.

ज्वारी_मंगळवेढा
धुऊन खडू लावला. उजवीकडे ठसा मागच्या लायनरवर, बॉडी माउंटच्या पुढे, साधारण तळहाताएवढा. पुढे बंपरच्या कोपऱ्यावर काहीच नाही. डावीकडे मागेच, पण बोटभर. बंप स्टॉपचं अंतर ६२ मिमी, अर्ध्या लॉकला टायर ते लायनर ५५ मिमी.

अलाइनमेंटचा कागद आहे. कॅस्टर उजवा १.४, डावा २.१ अंश. टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते) बरोबर म्हणून हिरवा दाखवलाय.

पाटा_शॅकल
तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या तक्रारीला जोडणारा धागा याच कागदात आहे.

कॅस्टर म्हणजे बॉल जॉइंटची रेषा मागे किती कललेली. पुढून गाडी उचलली की तो कमी होतो. कॅस्टर कमी म्हणजे स्टेअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढ कमी, हायवेवर गाडी भरकटल्यासारखी वाटते. हे झालं तिसऱ्या तक्रारीचं उत्तर. आता पहिलीचं: कॅस्टर वाढवायचा तर खालचा बॉल जॉइंट पुढे ढकलतात, म्हणजे चाकही पुढे सरकतं. तो कमी असेल तर चाक कमानीत मागे बसलेलं असतं. तुमचं उजवं ०.७ अंशाने कमी आहे आणि घासतंयही उजवंच, तेही मागे. पुढे बंपरपाशी जागा शिल्लक आहे. म्हणजे चाक पुढे घ्यायला वाव आहे.

अलाइनमेंटवाल्याला ‘टो करून दे’ एवढंच म्हणू नका. खालच्या आर्मच्या मुळाशी एक्सेंट्रिक बोल्ट असतात, त्यांनीच कॅस्टर आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल, आत की बाहेर) दोन्ही हलतात. क्रम असा ठेवायला सांगा: आधी कॅस्टर, त्यासोबत कॅम्बर मर्यादेत, टो सगळ्यात शेवटी. टो आधी केला तर नंतरच्या प्रत्येक फेरफाराने तो बिघडतो. दोन्ही बाजूंच्या कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक नको. बोल्ट सैल करण्याआधी रंगाने जुनी खूण करा. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर, गाडीचं वजन खाली असताना. गाडी लटकती ठेवून आवळलं तर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं.

एक्सेंट्रिक शेवटच्या खाचेला पोहोचूनही कॅस्टर मर्यादेत येत नसेल, तर कॅस्टर वाढवून बनवलेला वरचा आर्म लागतो. नाहीतर स्पेसर २५ चा १५ करा. मी असतो तर दुसरा मार्ग घेतला असता.

होटगीरोड
मधेच विचारतो. ऑफसेट वाढवायला रिम बदलायचा खर्च मोठा. लायनर गरम करून आत दाबला तर भागत नाही का?

टायरपट्टी
भागतं, पण आधी अलाइनमेंट, मग लायनर. चाक पुढे सरकल्यावर ठसा किती उरतो ते खडूने पुन्हा बघायचं.

लायनरसाठी: चाक काढा, लायनरच्या क्लिपा सोडा. मागच्या बाजूला मडफ्लॅपची पट्टी आणि स्क्रू असतात. पुष्कळदा टायर लायनरला नाही, त्या स्क्रूच्या डोक्याला लागतो, आणि स्क्रू टायरच्या भिंतीवर गोल चर पाडतो. ती पट्टी आधी काढा. मग हीट गन मधल्या आचेवर, एका जागी न धरता फिरवत राहायची. प्लास्टिक चकाकायला लागलं की लाकडी ठोकळ्याने दाबून ओल्या फडक्याने गार करायचं. १५-२० मिमी मिळतात. पांढरं पडलं किंवा धूर आला तर जास्त झालं, तिथे नंतर तडा जाणार. लायनरमागे वायरिंग आणि एबीएसची वायर जाते, आधी हात घालून बघा.

पत्र्याची दुमडलेली कड हातोड्याने बसवायची वेळ आली तर लाल प्राइमर आणि सीलर लावल्याशिवाय सोडू नका. बॉडी माउंट कापणं हे मी कुणालाच सांगणार नाही. गाडीची केबिन चेसीवर त्यावर बसते.

आणि दुकानात कुणी ‘मागे व्हील स्पेसर लावून सारखं करू’ म्हणालं तर नको. +१० वर स्पेसर म्हणजे उरलेला ऑफसेटही गेला.

रिम कायम ठेवणार असाल तर मधलं भोक बघा. या गाडीच्या हबचा माप १००.१ मिमी, टोयोटा हायलक्सचा १०६.१. दोन्हींचे बोल्ट ६ आणि घेर १३९.७, म्हणून बाजारातले रिम मोठ्या भोकाचे बनवतात आणि सगळ्यांना चालतात म्हणून विकतात. मधे हब रिंग नसेल तर रिम फक्त नटांवर तरंगतो, ९० ला स्टेअरिंग थरथरतं आणि लोक बॅलन्सिंग करत बसतात. १०६.१ बाहेर, १००.१ आत अशी रिंग, अॅल्युमिनियमची. नट एम१२ × १.५, रिमच्या खाचेचा कोन आणि नटाचा कोन एकच हवा. कंपनीच्या अलॉयचे नट बाजारातल्या रिमला जुळतीलच असं नाही.

चारशेतेहतीस
आता सेन्सर. ज्वारी भाऊ, तुमची चौथी तक्रार बिघाड नाही. बझरची मर्यादा चुकीची आहे आणि सकाळची हवा कमी आहे, अशा दोन गोष्टी एकत्र झाल्यात.

बंद भांड्यात हवा तापली की दाब वाढतो, पण हिशेब निरपेक्ष दाबावर आणि केल्व्हिनवर करायचा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, बाहेरच्या हवेचा दाब १४ पीएसआय धरा. सकाळी २५ अंशाला ३५ भरली: ३५ + १४ = ४९. टायरमधली हवा ६० अंशाला गेली: ४९ × ३३३ ÷ २९८ = ५४.८. त्यातून १४ वजा, ४०.८. तुम्हाला ४१-४२ दिसतात. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या रस्त्यावर ते अगदी बरोबर आहे. ढोबळ लक्षात ठेवायला दर साडेपाच अंशाला १ पीएसआय.

तेव्हा थांबून हवा सोडू नका, हे फार महत्त्वाचं. गरम टायरमधून ३५ पर्यंत सोडली की दुसऱ्या सकाळी ती ३० च्या खाली निघते, आणि कमी हवेचा टायर भिंतीतून जास्त वाकतो, आणखी तापतो. उन्हाळ्यातले टायर फुटण्याचे प्रकार बहुतेक याच साखळीतून होतात.

टायरपट्टी
त्यात भर. एलटी टायरला तेवढंच वजन पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. भिंतीवरचा १२१ म्हणजे १४५० किलो, पण तो आकडा पूर्ण ८० पीएसआयला. दारावरच्या स्टिकरचा ३५ हा कंपनीच्या टायरसाठी लिहिलेला आहे, या टायरसाठी नाही. रिकामी गाडी पुढे ३८, मागे ४० पासून सुरू करा. मागे माल असेल तर ४५ ते ४८. ८० भरायची काही गरज नाही, रिकामी गाडी दगडासारखी उडते आणि ट्रेड मधोमध झिजतो.

बरोबर आहे का ते पाहायला ट्रेडवर आडवी खडूची रेघ, सरळ रस्त्यावर शंभर मीटर. मधली पुसली तर हवा जास्त, कडांची पुसली तर कमी, सारखी पुसली तर तोच तुमचा आकडा.

चारशेतेहतीस
मग डिस्प्लेच्या मर्यादा त्यावरून लावा. खालची मर्यादा थंड आकड्याच्या २० टक्के खाली: ३८ ला ३१, ४० ला ३२. अमेरिकेच्या नियमात २५ टक्के कमी झाल्यावर दिवा लागायला हवा असं आहे, पण काट्याकुट्यात फिरणाऱ्या गाडीला इतकी वाट पाहू नये. वरची मर्यादा २५ टक्के वर: ३८ ला ४७-४८. माल भरून मागे ४८ ठेवणार असाल तर ६०, कारण ६५ अंशाला ते ५६ पर्यंत सहज जातं. बऱ्याच डिस्प्लेंत पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मर्यादा वेगळ्या लावता येतात. नसतील येत तर मागच्याप्रमाणे लावा आणि पुढचे आकडे डोळ्यांनी बघा. तापमानाचा बझर ७५-८० वर.

पाचवी तक्रार, मागचं डावं गायब होणं. सेन्सर बदलायला धावू नका. मागची दोन्ही चाकं आपसात बदला, डिस्प्लेवर काही शिकवू नका. आता गायब होणारं रीडिंग उजव्या बाजूला गेलेल्या त्याच चाकाचं असेल तर सेन्सरची बॅटरी किंवा सेन्सरच कच्चा. ती बॅटरी आत ओतीव कोंदणात असते, बदलता येत नाही. पण आता डाव्या बाजूला आलेलं दुसरं चाक गायब होत असेल, तर सेन्सर चांगले आहेत, त्या जागेवरून सिग्नल पोहोचत नाही.

सिग्नल न पोहोचण्याचं कारण पिकअपमध्ये बहुधा हेच: ४३३ मेगाहर्ट्झचा अगदी अशक्त सिग्नल, मधे लोखंडी हौदा, त्यात माल. शिवाय सिगारेट सॉकेटमधला स्वस्त चार्जर, डॅशकॅम आणि एलईडी बार यांचा विद्युत गोंगाट त्याच फ्रिक्वेन्सीत घुसतो. तिन्ही उपकरणं काढून दहा किलोमीटर जा. रीडिंग टिकलं तर एकेक परत लावत चोर शोधा. डिस्प्लेला वेगळी अँटेना वायर असेल तर ती डॅशकॅमच्या वायरीला बांधू नका. तरीही नाही जमलं तर रिपीटर मिळतो. केबिनच्या मागे, चेसीच्या आतल्या अंगाला, इग्निशनच्या १२ व्होल्टवर २ अँपिअर फ्यूज लावून. चिखल आणि पाणी उडेल अशा जागी नको.

एक सवयीचं: गाडी उभी असताना सेन्सर झोपलेले असतात. २५-३० च्या वेगाला जागे होतात, मग काही वेळाने पहिला आकडा येतो. चावी फिरवल्या फिरवल्या रिकाम्या रेघा दिसणं हा बिघाड नाही.

होटगीरोड
नायट्रोजन भरला तर दाब वाढायचा थांबतो असं सांगतात.

चारशेतेहतीस
नाही थांबत. वरचा हिशेब नायट्रोजनलाही तसाच लागू, आणि साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. फायदा एवढाच की तो कोरडा असतो. पंपावरच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते टायरमध्ये गेलं की सेन्सरच्या धातूला गंज धरतो. टाकीचं पाणी रोज काढणाऱ्याकडे साधी हवा भरली तरी तेवढंच काम होतं.

ज्वारी_मंगळवेढा
सहावीचं राहिलं. त्या चाकात काटा सापडला नाही. साबणपाणी ट्रेडवर टाकून पाहिलं.

टायरपट्टी
ट्रेड सोडून बाकी सगळं बघायचं राहिलं, दादा. ब्रशने साबणपाणी, या क्रमाने. टोपी काढून व्हॉल्वच्या तोंडावर. मग व्हॉल्व रिमला जिथे टेकतो तिथे, चारी बाजूंनी हळूच हलवत. मग रिमच्या कडेने पूर्ण गोल, आतली बाजूसुद्धा. प्रत्येक जागी दोन मिनिटं थांबा. आठवड्याला २ पीएसआय म्हणजे बुडबुडा फुटत नाही, फेसासारखा साचतो. तरी वेडी बाभूळ विसरू नका, काटा आत तुटून राहिला की वरून काळा ठिपकाच दिसतो, तोही चर आणि खाचांच्या मधे.

आतल्या सेन्सरच्या चाकात पहिला संशय व्हॉल्वच्या मुळाशी. तिथे रबराचा ग्रॉमेट असतो आणि बाहेरून नट. ग्रॉमेट एकदा दबला की परत वापरायचा नसतो. टायर उतरवला की ग्रॉमेट, नट, व्हॉल्व-कोर आणि टोपी असा संच नवा घालतात. नट पान्याने ‘कचकचून’ आवळला की अॅल्युमिनियमची दांडी तुटते, सैल राहिला की हळूहळू गळते. सेन्सरच्या कागदावर आवळणी लिहिलेली असते, बहुतेकांची ४ ते ८ न्यूटन-मीटर. छोटा टॉर्क पाना लागतो, मनगटाचा अंदाज नाही. व्हॉल्व-कोर निकेलचा मुलामा असलेलाच घ्या. साधा पितळी कोर अॅल्युमिनियमच्या दांडीत गंजून अडकतो. टोपीही प्लॅस्टिकची, चकचकीत धातूची नको.

चारशेतेहतीस
टायर उतरवताना पंक्चरवाल्याला आधी तोंडाने सांगा, ‘आत सेन्सर आहे’, आणि रिमवर व्हॉल्वपाशी रंगाचा ठिपका द्या. बीड (रिमला घट्ट बसणारी टायरची कड) तोडायचं फावडं व्हॉल्वच्या बरोबर विरुद्ध बाजूला लावायचं. चढवताना शेवटी ताणून बसणारा बीडचा भाग सेन्सरवर येता कामा नये. सेन्सर फुटतात ते याच दोन क्षणी. आणि पंक्चर न होण्याचं द्रव आत ओतू देऊ नका. ते सेन्सरचं बारीक छिद्र बुजवतं, मग हवा गेली तरी डिस्प्ले जुनाच आकडा धरून बसतो.

व्हॉल्ववर बाहेरून फिरवायचे सेन्सर वापरणाऱ्यांसाठीही सांगतो. साध्या रबरी व्हॉल्ववर ते लावू नका. दहा-बारा ग्रॅमचं वजन वेगात व्हॉल्वला बाहेर ओढतं, मुळाशी रबर चिरतं. धातूचा व्हॉल्व घाला. आणि त्यांचं तापमान आतल्या हवेचं नसतं, ते बाहेरच्या वाऱ्याचं आणि ब्रेकच्या धगीचं असतं. त्यावर भरवसा ठेवू नका. परदेशातून मागवताना ३१५ मेगाहर्ट्झचे येतात, ते इथल्या ४३३ च्या डिस्प्लेशी बोलत नाहीत.

एमएच१३_कागद
कागदाचं बोलतो, कुणाला आवडो न आवडो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ(४): सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. लिफ्ट हा एक बदल, कमानीबाहेर आलेलं चाक दुसरा. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअरही हेच मोजतो. ऑफसेट परत +२५ कडे नेला तर चाक कमानीच्या आत येतं, हा त्याचा आणखी एक उपयोग.

ज्वारी_मंगळवेढा
अपडेट. स्पेसर १५ मिमीचा केला. अलाइनमेंटला कॅस्टर उजवा २.६, डावा २.८, टो शेवटी. स्टेअरिंग परत येतंय, ९० ला सरळ. खडूचा ठसा डावीकडे नाहीच, उजवीकडे मडफ्लॅपच्या स्क्रूपाशी नखाएवढा. पट्टी काढल्यावर तोही गेला. लायनर अजून गरम केलेला नाही.

उजव्या चाकात फेस व्हॉल्वच्या मुळाशीच आला. जुना ग्रॉमेट परत घातला होता. संच बदलला, चार दिवस ३८ वर ३८.

मागची चाकं बदलून पाहिली. डावी जागाच गायब होते, चाक कुठलंही असो. चार्जर काढल्यावर टेंभुर्णीपर्यंत एकदाही गेलं नाही.

स्टेपनीचं काय करू? ती अजून २५५/६० आर१८ आहे आणि तिच्यात सेन्सर नाही.

पाटा_शॅकल
चांगलं काम झालं. दोन गोष्टी लगेच. चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, मॅन्युअलमधल्या आकड्याला. एम१२ ला साधारण ११०-१२० न्यूटन-मीटर, ताऱ्यासारखे आलटून पालटून. मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट आणि शॅकलचे नटही. नवा शॅकल बसवला की बुश बसतात आणि नट सैल होतात.

आणि स्पेसर २५ चा १५ केल्यामुळे पुढची बाजू साधारण २० मिमी खाली आली, म्हणून बंप स्टॉपचं अंतर परत घ्या. आधीचे ६२ आता नसणार. ते घेतल्याशिवाय गतिरोधकाचा प्रश्न सुटला असं धरू नका. माल भरून, वळवलेल्या चाकाने एकदा हळू गतिरोधक ओलांडा. आवाज आला तर लायनर गरम करायचं काम तेव्हा.

हेडलाइटची पातळी बघा, पुढची बाजू उचललेली असली की झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो.

टायरपट्टी
स्टेपनी: ४० मिमीचा फरक आहे. मागच्या अॅक्सलवर एका बाजूला लहान चाक लावलं तर डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो, तापतो. मागचं पंक्चर झालं तर पुढचं चांगलं चाक मागे घ्या आणि स्टेपनी पुढे लावा. टू-व्हील ड्राइव्हमध्येच, ६० च्या आत, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत. फोर-एचचं (चारही चाकांना ताकद देणारं) बटण अजिबात नाही. या गाडीत मधला डिफरन्शियल नाही, पुढचा-मागचा फरक सगळा गिअरच्या दातांवर आणि ट्रान्सफर केसवर येतो.

पाचवं २६५/७० आर१७ घेणार असाल तर आधी हौद्याखालची जागा टेपने मोजा: व्यास ८०३, जाडी २६५ ला सुटसुटीत २९० धरा. सायलेन्सरपासून अंतर ठेवा, उष्णता टायरला लागते. आणि १८ इंची रिमचे नट वेगळे, १७ इंची रिमचे वेगळे असं असेल तर दोन्ही प्रकारचे सहा-सहा नट हत्यारांच्या पिशवीत.

चारशेतेहतीस
पाचव्या चाकाला सेन्सर बसवला तर डिस्प्ले पाच चाकांचा आहे का ते बघा. नसेल आणि स्टेपनी लावायची वेळ आली, तर पंक्चर झालेल्या चाकाच्या जागी स्टेपनीचा आयडी शिकवावा लागतो. लर्न मोडमध्ये ती जागा निवडा आणि झपाट्याने ५-७ पीएसआय हवा सोडा, झोपलेला सेन्सर दाब पडताना जागा होऊन सिग्नल देतो. मग हवा परत भरा. काहींना १२५ किलोहर्ट्झचं छोटं यंत्र व्हॉल्वपाशी धरावं लागतं. काम झाल्यावर जुनं चाक गाडीतच पडलेलं असेल तर त्याचा आयडी पुसा, नाहीतर हौद्यातल्या रिकाम्या टायरचा बझर पुण्यापर्यंत वाजत राहील.

टायर फिरवाल तेव्हाही जागा परत शिकवा. डिस्प्लेवर ‘पुढचं उजवं’ दिसतंय आणि हवा मागच्या डाव्याची गेलीय, ही रात्री रस्त्याकडेला फार वाईट गल्लत होते.

काळीमाती
एक राहिलं. तुम्ही मडफ्लॅपची पट्टी काढलीत, त्यामुळे आता चिखल थेट लायनरच्या खालच्या कडेवर बसेल. पावसाळ्यात रानातून आल्यावर तो ओला असतानाच लाकडी पट्टीने खरवडा, वाळू देऊ नका. खालची क्लिप मोकळी झाली की लायनर टायरवर ओढला जातो, म्हणून त्या जागी क्लिपऐवजी रुंद वॉशर घालून ६ मिमीचा स्क्रू, टोक टायरपासून उलट्या बाजूला.